काळ्यावर पांगलेली अक्षरं

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा मी एक थीम तयार केली होती. संगणकाचे प्रोग्रॅम ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितात त्याला एडिटर म्हणतात, आणि त्या एडिटरला आपल्या आवडीचे रंग चढवता येतात. मागचा पडदा कुठल्या रंगाचा, अक्षरं कुठल्या, कामाचे ठरलेले शब्द कुठल्या, मध्येच स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेली टिपणं कुठल्या. या सगळ्या रंगांची एकदा जमवलेली जोडणी म्हणजे थीम.

माझी थीम काळी होती. निव्वळ काळी नव्हे. पावसात भिजलेल्या मत्तीच्या, म्हणजे ऐनाच्या, खोडासारखी, जवळ गेल्यावर थोडी तपकिरी दिसणारी. अक्षरं मंद पांढरी, कामाचे शब्द वाळत घातलेल्या आमसुलाच्या रंगाचे, आणि टिपणं सागाच्या वाळक्या पानासारखी, इतकी फिकी की शोधली तरच सापडावीत. त्या फिक्या टिपणांचा मला फार अभिमान होता. महिनाभर, ऑफिस सुटल्यावर, मी त्या एका करड्या रंगात कणाकणानं कमीजास्त करत बसलो होतो. मग ती थीम इंटरनेटवर फुकट ठेवली आणि खाली वर्णन लिहिलं: दिवसभर पडद्याकडे बघून थकलेल्या डोळ्यांसाठी, आपुलकीनं केलेली.

अनोळखी लोकांनी ती घेतली, वापरली, आभार मानले. कोण कुठल्या देशातला माणूस सकाळी उठून माझे रंग बघत कामाला बसतो, या कल्पनेनं मी सुखावून जायचो. घरच्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगून कळणार नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं.

पुढं कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आणि मी कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, रामनगरला परत आलो. आमचं घर गावाच्या कडेला, रस्त्यापासून थोडं आत. तिथवर केबल आली होती, त्यामुळं जोयड्याच्या आतल्या गावांत असतो तसा नेटवर्कचा त्रास नव्हता. घरात आई, अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि वहिनी. अण्णा रेल्वेत गँगमन. कॅसलरॉकच्या बाजूला त्याची ड्यूटी, पावसाळ्यात दरड कोसळायची धास्ती असली की आठवडा आठवडा तिकडंच. वहिनी खानापूर तालुक्यातली, बारावी झालेली. लग्न होऊन अकरा-बारा वर्षं झाली होती तरी तिच्याशी माझं बोलणं जेवायला वाढण्यापुरतंच होतं. मी सुट्टीला यायचो, ती वाढायची, मी जायचो.

एके दिवशी दुपारी तिनं माझ्या टेबलापाशी ताकाचा पेला ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"भावजी, हे मला शिकता येईल काय?"

"काय?"

"हे तुम्ही लिवताय ते. म्हंजे सगळं न्हाई. एक पान करायचंय."

मग तिनं सांगितलं ते असं. तिच्या ओळखीच्या बायकांचा एक गट होता, नंदिगड्ड्याकडच्या कुणबी बायका आणि रामनगरच्या दोघी-तिघी. त्यांच्याकडं कंद पिकायचे: कोनफळ, कणगर, सुरण, अळवाचे हातभर लांब गड्डे. वर्षातनं एकदा जोयड्याला कंदांचा मेळा भरतो तेव्हा बाहेरची माणसं येतात, कौतुक करतात, आणि नंतर वर्षभर त्यांना काही सापडत नाही. कुणाच्या शेतात काय आहे, कधी काढणार, कसं शिजवायचं, एवढं एका पानावर असावं, मोबाईलवर कुणालाही बघता यावं, असं त्या बायकांनी ठरवलं होतं. आणि बारावी झालेली म्हणून ते काम वहिनीवर आलं होतं.

"मीच करून देतो की," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम."

"तुम्ही द्याल. पण दर म्हैन्याला बदलायला लागंल न्हवं? दर वेळी तुमास्नी कुठं त्रास देत बसू? मीच शिकतो."

आमच्याकडं बायकासुद्धा 'मी येतो, मी करतो' असंच म्हणतात. पुण्याच्या मित्रांना त्याचं हसू यायचं. त्या दिवशी मलाही आलं, पण हो म्हणालो. रोज दुपारी, जेवणं झाली की तासभर. परदेशातली माझी टीम त्या वेळी झोपलेली असायची.

पहिले तीन-चार दिवस बरे गेले. वहिनीनं शंभर पानी वही आणली होती. मी सांगेन ते ती निळ्या पेननं वहीत उतरवायची, आणि अक्षर इतकं स्वच्छ की मला माझ्या अक्षराची लाज वाटावी. मथळा कसा द्यायचा, परिच्छेद कसा, चित्र कसं. दुसऱ्या दिवशी विचारलं की वही न बघता घडाघडा सांगायची. कंस कुठं उघडला, कुठं बंद केला, सगळं. मला वाटलं, ही आठवड्यात शिकेल.

पण माझ्या लॅपटॉपसमोर बसली की काहीतरी बिनसायचं. वहीत बरोबर लिहिलेली ओळ पडद्यावर चुकायची. दोन टिंबांच्या म्हणजे कोलनच्या जागी टिंब आणि शेपटी म्हणजे सेमीकोलन, शेपटीच्या जागी नुसतं टिंब. बंद केलेला कंस पुन्हा एकदा बंद करायची. मी टिपण म्हणून लिहून दिलेली ओळ तर तिला सापडायचीच नाही, मी बोट ठेवलं तरी "कुठं?" म्हणून विचारायची. ती पडद्याच्या अगदी जवळ वाकायची, मग मागं सरायची, मग डोळे बारीक करायची. मधनंच पदरानं डोळे पुसायची.

"अक्षरं पांगत्यात भावजी," ती एकदा म्हणाली. "चांदणीला कशा दांड्या फुटलेल्या दिसत्यात, तशा एकेका अक्षराला. मग ही वळ त्या वळीत मिसळती."

"सवय न्हाई म्हणून. होईल."

तिनं वहीकडं बघितलं. मग म्हणाली, "ह्ये पांढरं करता येतंय काय? वहीवानी? वहीत मला येतंय सगळं."

येत होतं. दोन बटणं दाबायचं काम होतं. एडिटर मिळतो तेव्हाच त्यात एक पांढरी थीम आधीपासून असते. पण मी हसलो. मला अजून ते हसणं आठवतं, कारण त्यात प्रेमळपणा आहे असं मला तेव्हा वाटलं होतं.

"वहिनी, पांढऱ्यावर शाळेतली पोरं शिकत्यात. खरं काम करणारं कोण पांढऱ्यावर लिवत न्हाई. आणि ह्ये रंग मी स्वतः केल्यात. लोक जगभर वापरत्यात."

"व्हय?" ती म्हणाली. "तुम्ही केल्यात?" आणि मग मान पुढं काढून पुन्हा त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिली, अक्षरं नाही तर निदान रंग तरी बघावेत म्हणून. "चांगलं हाईत," म्हणाली.

त्याच आठवड्यात माझ्या थीमच्या पानावर एक निरोप आला. लिहिणारा कुठल्यातरी थंड देशातला होता. त्यानं फार सौम्यपणे लिहिलं होतं की तुमचे रंग सुंदर आहेत, पण माझ्या डोळ्यांच्या बुबुळाची गोलाई थोडी वाकडी आहे. असा दोष बऱ्याच लोकांना असतो. काळ्या पडद्यावरची उजळ अक्षरं आम्हाला फुटलेली, पसरलेली दिसतात, शेजारच्या ओळीत मिसळतात. टिपणं तर मला वाचताच येत नाहीत. मागचा काळा रंग थोडा उजळ करायची, टिपणं ठळक करायची सोय देता येईल का? जमलं तर एक पांढरी आवृत्तीसुद्धा.

मी तो निरोप वाचला आणि खुर्चीतून उठून अंगणात एक चक्कर मारून आलो, इतका मी हललो होतो. आपल्या कामाचा कुणाला तरी त्रास होतोय, आणि त्या माणसानं इतक्या विश्वासानं आपल्याला सांगितलंय. मी लगेच उत्तर लिहिलं. इंग्रजीत होतं, पण मजकूर असा: तुम्ही हे सांगितलंत याबद्दल मनापासून आभार. हा विचार माझ्या मनात आधीच यायला हवा होता, तो आला नाही, ही माझी चूक आहे. ज्यांना दिसत नाही त्यांनी सवय करून घ्यावी असं म्हणणं योग्य नाही. बदलायचं काम माझं आहे. मला दोन दिवस द्या.

त्यातलं 'सवय'चं वाक्य मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, आणि ते लिहिताना मला काहीही आठवलं नाही.

ते दोन दिवस मी वहिनीला म्हणालो, "आज नको, महत्त्वाचं काम हाय." ती वही घेऊन आली होती, वही घेऊन परत गेली. मी थीमला वेगवेगळे पर्याय जोडले. काळा किती काळा ठेवायचा, टिपणं किती ठळक, अक्षरं जाड की बारीक, ज्याचं त्यानं ठरवायचं. शिवाय एक पांढरी आवृत्ती, जुन्या कागदाच्या रंगाची, वर गडद अक्षरं. त्या माणसाचं उत्तर आलं: आज पहिल्यांदा तुमची टिपणं वाचली. मी ते उत्तर तीनदा वाचलं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र जुना काळा रंग तसाच होता. मला कशाला बदल हवा होता?

तिसऱ्या दिवशी वहिनी बसली. त्या दिवशी तिला पानाचे रंग आणि अक्षरांचा आकार लिहायचा होता, आणि त्यात दोन टिंबं आणि टिंब-शेपटी यांचाच सगळा खेळ. एक चुकलं की पुढचं सगळं कोलमडतं. ती अर्धा तास लिहीत होती. मी शेजारी मोबाईल बघत होतो. तिनं पान उघडलं तर सगळं विस्कटलेलं.

"वहिनी, चार दिस झालं सांगतोय. ओळीच्या शेवटी टिंब, खाली शेपटी. नुसती दोन टिंबं न्हवं. पहिलीतल्या पोराला कळंल."

"कळतंय की," ती म्हणाली. "वहीत बघा. बरोबर हाय. इथं दिसंना झालंय."

"दिसंना म्हंजे काय? डोळं उघडून बघा की जरा."

आई तिथंच उंबऱ्याशी बसून आमसुलं निवडत होती. ती म्हणाली, "अरं, तिच्यावर का वरडालाईस?"

आईनं मध्ये तोंड घातलं म्हणून मला आणखीच चेव आला. मी म्हणालो, "वरडत न्हाई. पण खरं ते सांगायला पायजे. तुमचं सगळं ध्यान चुलीपाशी असतंय वहिनी. तुमच्यानं व्हायचं न्हाई हे. उगंच दोघांचा येळ जातोय."

वहिनीनं वहीचं पान एका हातानं सपाट केलं. मग वही मिटली. "बरं," म्हणाली, आणि आईच्या पुढ्यातलं आमसुलांचं सूप उचलून आत घेऊन गेली. तिचा चेहरा मी पाहिला नाही. मी पडद्याकडं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली नाही. मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. जेवायला वाढताना ती पहिल्यासारखीच होती, ताक मागायच्या आत ताक, भात संपायच्या आत भात. तेवढ्यावरून मी समजलो की तिला काही लागलेलं नाही.

आठ-दहा दिवस असे गेले. एके दुपारी मी पुण्याच्या एका सहकाऱ्याशी व्हिडिओवर बोलत होतो. त्याला माझे नवे पर्याय बघायचे होते. मी त्याला काळा उजळ करून दाखवला, टिपणं ठळक करून दाखवली, आणि शेवटी पांढरी आवृत्ती लावली. माझा अख्खा पडदा कागदासारखा झाला. तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू राहिला, पण नेट तुटलं आणि सहकारी गायब झाला. मी त्याची वाट बघत बसलो होतो.

मागून वहिनी आली, चहा ठेवायला. कप ठेवता ठेवता तिचा हात थांबला. आणि ती वाचायला लागली. मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत, पण मला ऐकू येईल इतपत. इंग्रजी शब्द अडखळत, खुणा मात्र एकही न चुकता. दोन टिंबं. टिंब-शेपटी. कंस उघडला. कंस बंद. माझ्या खुर्चीच्याही मागून, तीन हातांवरून.

मग ती म्हणाली, "ही बारावी वळ. हितं कंस बंद केलेला न्हाई."

मी बघितलं. केलेला नव्हता.

"दिसतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"सगळं." ती थोडी पुढं आली. "कसं लख्ख दिसालंय. ह्ये कवा केलं?"

"झालं आठ-दहा दिस."

"पांढऱ्यावर तर कोण लिवत न्हाई म्हणाला होतासा."

मी चहाचा कप जवळ ओढला.

"मग कुणासाठी केलं?"

खोटं बोलता आलं असतं. का कोण जाणे, सुचलं नाही. मी म्हणालो, "एका माणसानं निरोप पाठवला होता. परदेशातला हाय. त्याला... काळ्यावर अक्षरं पांगलेली दिसत्यात."

हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले तेव्हा ते मला पहिल्यांदा ऐकू आले. पांगलेली. मी त्या माणसाच्या इंग्रजी शब्दासाठी जो मराठी शब्द शोधला तो वहिनीचा होता. मी कपाकडं बघायला लागलो.

"काय लिवलं होतं त्येनं?" ती म्हणाली. "बघू?"

निरोप आणि माझं उत्तर लॅपटॉपवर दुसऱ्या खिडकीत आधीच उघडलेलं होतं. मी ते तिच्यासमोर सरकवलं. आता वाटतं, नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हणण्याचाही अधिकार मला राहिला नव्हता. ती उभ्यानंच वाचत होती. बारावीचं इंग्रजी होतं, वेळ लागत होता. त्याचा निरोप वाचून झाला. मग माझं उत्तर. एका शब्दाशी ती अडली आणि बोट ठेवून विचारलं, "ह्येचा अर्थ?"

"चूक," मी म्हणालो.

"माझी चूक हाय, असं लिवलंय?"

"व्हय."

तिनं शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "चांगलं लिवलंय. तुमास्नी असं बोलता येतंय हे मला ठाऊक नव्हतं."

त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. ती खरंच जे मनात आलं ते बोलली होती. चहा गार व्हायच्या आत घ्या म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी मी काम केलं नाही. उत्तर पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. ज्या माणसाला मी कधी बघणार नाही, ज्याचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं, त्याच्यासाठी मी दोन दिवस जेवणाखाण्याचं भान विसरलो होतो. आणि माझ्या शेजारी, हातभर अंतरावर बसून, तेच शब्द सांगणाऱ्या बाईला मी डोळे उघड म्हणालो होतो. त्याचं पत्र यायच्या आधी म्हणालो असतो तर अज्ञान होतं असं म्हणता आलं असतं. मी ते पत्र आल्यावर म्हणालो होतो. तो दोष काय असतो, कुणाला असतो, काय दिसतं, हे सगळं वाचून, समजून घेऊन, दुरुस्त करून झाल्यावर.

रविवारी अण्णा घरी आला. मी त्याला विहिरीपाशी गाठून विचारलं, वहिनीच्या डोळ्यांना काही आहे का.

"शाळेत चष्मा होता तिला," अण्णा पाय धुता धुता म्हणाला. "आमी बघायला गेलतो तवा काढून ठेवलावता म्हणं. लग्नानंतर तिनं बोलता बोलता सांगितलंतं कवातरी."

"मग परत का न्हाई केला?"

"मागितला न्हाई तिनं."

"आणि तू विचारलं न्हाईस?"

अण्णानं माझ्याकडं वर बघितलं. "तू विचारलंस?"

पुढच्या सुट्टीला तो तिला बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. दोन्ही डोळ्यांना वाकडा नंबर निघाला, थोडाथोडका नव्हे. चष्मा लावून घरी आली तेव्हा आई म्हणाली, "बाई गं, मास्तरीण दिसालीस." वहिनी हसली. मी पडवीत होतो. मला आत जावंसं वाटलं नाही.

मी आपल्या परीनं भरपाई करायला गेलो. माझा जुना लॅपटॉप साफ केला, त्यावर पांढरी आवृत्ती लावली, अक्षरं मोठी केली, आणि तिला नेऊन दिला. "हा तुमचा. परत सुरू करूया काय, दुपारचं?"

"ठेवा तिथं," ती म्हणाली. "बघूया की."

आमच्या घरात 'बघूया की' म्हणजे नाही. ती माझ्याकडं शिकायला पुन्हा बसली नाही. पण लॅपटॉप तिनं वापरला. दुपारी मागच्या दारात, जिथं उजेड चांगला येतो, तिथं पाट टाकून त्यावर तो ठेवायची आणि शेजारी वही. मोबाईलवर कुठलेतरी शिकवणीचे व्हिडिओ लावायची, थांबवायची, मागं न्यायची, पुन्हा ऐकायची. मला माझ्या टेबलावरून तिचा खांदा आणि चष्म्याची एक काडी दिसायची. मधनंच ती अडायची. अडली की मला कळायचं, कारण व्हिडिओतलं तेच वाक्य चार-पाच वेळा ऐकू यायचं. उत्तर मला माहीत असायचं. दोनदा मी उठलोही. एकदा दारापर्यंत गेलो आणि पाणी प्यायला आलोय असं दाखवून परत फिरलो. तिनं हाक मारली असती तर गेलो असतो. तिनं मारली नाही, आणि मारावी असं मी काही केलं नव्हतं.

कंदांच्या मेळ्याच्या आठवडाभर आधी तिचं पान तयार झालं. साधं होतं. पांढऱ्यावर काळी मोठी अक्षरं, वर मराठी, खाली कन्नड. प्रत्येक कंदाचा फोटो, कुठल्या गावात मिळेल, कधी काढतात, खाज सुटू नये म्हणून शिजवताना आमसूल घालायचं की चिंच. एकही खूण चुकलेली नव्हती. मी पान उघडून आतला मजकूर तपासला होता, तिच्या नकळत. आपल्याला कुठंतरी मदत करायला जागा मिळेल या आशेनं. मिळाली नाही.

मेळ्याला आई मला म्हणाली, तूही जा, सामान उचलायला माणूस पाहिजे. अण्णा ड्यूटीवर होता. मी आणि वहिनी बसनं जोयड्याला गेलो. नंदिगड्ड्याकडच्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या. समोर गोणपाटावर मातीसकट कंद, काही माणसाच्या मांडीएवढे. वहिनीनं पुठ्ठ्यावर पानाचा पत्ता लिहून आणला होता. माणसं तो मोबाईलमध्ये टाकायची आणि तिथल्या तिथं त्या बायकांचे कंद त्यांच्या पडद्यावर दिसायचे. बायका एकमेकींना ढोसून दाखवत होत्या, ही माझी कणगर, हे तुझं कोनफळ.

गटातली एक म्हातारी होती, सगळ्यांत वयस्क. तिनं मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून ते पान बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं हनुवटी करून वहिनीला कोकणीत विचारलं, हा तुझा दीर ना, पुण्याला कॉम्प्युटरमध्ये होता तो? यानंच शिकवलं का तुला हे?

मी वहिनीकडं बघितलं. तीन-चार बायका ऐकत होत्या.

"व्हय," वहिनी म्हणाली. "भावजींनीच शिकवलं."

म्हातारीनं माझ्या हातावर हात ठेवला, मातीनं भरलेला, आणि म्हणाली की असा दीर मिळायला नशीब लागतं. बाकीच्या बायका हसल्या, चांगल्या अर्थानं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. न्हाई, तिची ती शिकली. एवढंच. कुणी विचारलं नसतं का म्हणून. मी मान हलवली. हलवली म्हणजे होकारार्थी. त्यांनी मला एक सुरण बांधून दिला आणि मी तो घेतला.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. बस जंगलातनं जात होती, खिडकीतनं धूळ येत होती. बराच वेळ मी शब्द जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "वहिनी, तुम्ही खोटं का सांगितलं त्यांना?"

"मग काय सांगायचं होतं?" ती म्हणाली.

खरं ते, असं म्हणणार होतो. पण खरं काय सांगितलं असतं तिनं त्या बायकांना, ते डोक्यात पूर्ण म्हणून बघितलं, आणि खिडकीकडं वळलो.

दोन-तीन वळणं गेल्यावर मी म्हणालो, "माझं चुकलं."

परदेशातल्या माणसाला हे लिहायला मला एक मिनिट लागलं नव्हतं. इथं तोंडातून निघताना आवाज असा काही झाला की पुढच्या सीटवरच्या माणसानं मागं वळून बघितलं.

"व्हय," वहिनी म्हणाली. माफ केलं असं नाही, असू दे असंही नाही. मी एक गोष्ट सांगितली होती, ती बरोबर आहे एवढंच तिनं सांगितलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाली की पुढच्या साली कणगर लवकर काढायला सांगायला पाहिजे, या वेळी मेळ्याला कमी पडली.

रामनगरला उतरल्यावर तिनं माझ्या हातातली पिशवी मागितली. मी म्हणालो, राहू दे, मी आणतो.

"द्या. जड न्हाई," ती म्हणाली, पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागली.